क्वीनच्या गाण्यात मन भरून येतं ते नेमकं कुठं?

प्रश्न असा आलाय की क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी ऐकताना मधेच कुठंतरी अंगावर काटा येतो, डोळे भरतात आणि तरीही एकदम बरं वाटतं, तर हे कशामुळे होतं, आणि ऑफिसमधल्या पंधराएक हौशी लोकांना गॅदरिंगमधे त्यांचं एखादं गाणं म्हणायचंय तर कुठलं घ्यावं. मी पुण्यात पियानो आणि कोरस शिकवते, कॉलेजच्या मुलांना हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत मिळून गाणं, बसवून देते, त्यात क्वीनची गाणी कायम असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मला काय वाटतं ते सांगून टाकते. बहुतेक लोक म्हणतात त्यांचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचा आवाज, बास, विषय संपला. आवाज आहेच तसा, त्यात वादच नाही. पण तुम्ही ज्या जागांबद्दल विचारताय ना, त्यातल्या जवळजवळ सगळ्या जागांवर तो एकटा नसतो. गाणं सुरू होतं तेव्हा एकटा असतो, काहीतरी सोसत असतो, मागत असतो, आणि मग बाकीचे येऊन त्याला मिळतात. भजनात बुवा एखादं चरण एकटेच आळवत राहतात आणि मग मंडळी ध्रुपद उचलतात, टाळ एकदम मोकळे होतात, त्या वेळी बसलेल्या माणसाचं जे होतं अगदी तेच इथं होतं. तिथं बुवांचा आवाज कितीही गोड असला तरी पाणी येतं ते मंडळींनी उचलल्यावर.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते समबडी टू लव्ह मधे. १९७६ चं गाणं, ए डे अॅट द रेसेस या अल्बममधलं, फ्रेडीनं लिहिलेलं, आणि डोक्यात गायिका अरीथा फ्रँकलिन आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल गाणं. ऐकताना वाटतं शंभर माणसांचा कॉयर आहे. प्रत्यक्षात आहेत तिघं, फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. तिघांनी एका माइकसमोर उभं राहून एक ओळ एकत्र म्हणायची, मग परत तीच, मग तिच्या वरची, मग त्याच्याही वरची, असं टेपवर थरावर थर चढवत न्यायचे. रॉजरचा आवाज वर भन्नाट जातो, काचेसारखा, ब्रायनचा मऊ आणि खालचा, फ्रेडी मधे कणा. प्रत्येक थरात तिघंही असल्यामुळे तो आवाज कुठल्याच एका माणसाचा वाटत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ऐकणाऱ्याला त्यात आपला आवाज मिसळायला जागा मिळते.

आता गाण्यात काय होतं ते बघा. ठेका ६/८ चा, पट्टी ए फ्लॅट मेजर, पियानो पुढे. माणूस सांगतोय की मी राब राब राबतो, देवाला हात जोडतो, पण काही होत नाही, माझं म्हणावं असं कुणी नाही. मागचे आवाज पहिल्यापासून आहेत पण ते नुसते त्याच्या बोलण्याला दुजोरा देतात. मग गिटारचा सोलो होतो, शेवटचं कडवं येतं आणि त्या कडव्यात त्याचा सूर बदलतो, आता तो तक्रार करत नाही तर मी हरणार नाही, एक दिवस यातून सुटेन असं म्हणतो. आणि तो हे म्हणाल्यानंतर लगेच वाद्यं जवळजवळ गप्प होतात आणि अगदी खालच्या पट्टीत, हळू, ती मागणीची ओळ सुरू होते. परत तीच. परत तीच. दर वेळी एक थर वाढतो, टाळ्या येतात, वरचे आवाज येतात आणि शेवटी फ्रेडी सगळ्यांच्या डोक्यावरून निघून जातो. शब्द एकही नवीन नाही हे लक्षात घ्या. मागणी तीच आहे जी सुरुवातीला तो एकटा करत होता, आता ती सगळे मिळून करतायत. त्याला कुणी मिळालं असं गाण्यात कुठेच म्हटलेलं नाही, पण ऐकणाऱ्याला पक्कं कळतं की हा आता एकटा नाही.

हे बसवताना मुलं काय करतात तर तिसऱ्या वेळेलाच जोर लावायला लागतात, उत्साह असतो ना, आणि मग पुढं जायला जागाच उरत नाही, नुसता आरडाओरडा होतो. मी त्यांना सांगते की इथं आवाज वाढवायचा नाही, माणसं वाढवायची. म्हणजे आधी दोघं, मग चौघं, मग सहा जण, आणि आधीपासून गाणाऱ्यानं पहिल्यासारखंच हळू गात राहायचं. एवढं एक पाळलं की कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरांकडूनही ती जागा होते, अक्षरशः हॉलमधे बसलेले पालक मागे वळून बघायला लागतात. लयही पळवायची नाही. पळवली की हुरूप वाटतो पण काटा येत नाही.

याच गाण्याचं आणखी एक रूप आवर्जून बघा. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सच्या आजारात गेला, वय फक्त ४५. २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्ली स्टेडियमवर त्याच्या आठवणीत मोठा कार्यक्रम झाला आणि तिथं गायक जॉर्ज मायकलनं हे गाणं क्वीनच्या उरलेल्या तिघांबरोबर आणि लंडन कम्युनिटी गॉस्पेल कॉयरबरोबर म्हटलं. म्हणजे जो कॉयर तीन मित्रांनी टेपवर उभा केला होता तो सोळा वर्षांनी खराखुरा स्टेजवर उभा राहिला. त्या कार्यक्रमाच्या पैशातून पुढे एड्ससाठी काम करणारा मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. रिहर्सलचं फुटेज पण आहे, त्यात बाजूला गायक डेव्हिड बोवी उभा राहून ऐकतोय. मला स्वतःला ती रिहर्सल मुख्य कार्यक्रमाइतकीच आवडते.

आता एकदम दुसऱ्या टोकाचं गाणं, यू आर माय बेस्ट फ्रेंड. हे बँडमधल्या सगळ्यात शांत माणसानं लिहिलंय, बेस वाजवणारा जॉन डीकन, चौघांत वयानं लहान. १९७५ मधे त्याचं लग्न झालं आणि हे गाणं बायकोसाठी, व्हेरोनिकासाठी आहे. तेव्हा तो गाणी लिहायला नुकताच लागला होता. त्याला यात वुर्लित्झरचा इलेक्ट्रिक पियानो हवा होता, फ्रेडीला ते वाद्य अजिबात आवडायचं नाही, मी माझ्या पियानोवरच वाजवणार म्हणाला, तर डीकननं काय केलं, तो इलेक्ट्रिक पियानो घरी नेला, शिकला आणि रेकॉर्डिंगला स्वतःच वाजवला. भांडण नाही, रुसवा नाही. आणि ज्या फ्रेडीला ते वाद्य नको होतं त्यानं त्यावर किती मायेनं गायलंय ते ऐका, दुसऱ्याच्या बायकोसाठीचं गाणं स्वतःच्या गोष्टीसारखं. सुरुवातीला त्या वाद्याची जी किणकिण आणि थोडी खरखर आहे ती नीट ऐका, ती एकदा कानात बसली की सकाळी चहा करताना आपोआप गुणगुणली जाते. यात मोठा चढाव वगैरे काही नाही, मागचे आवाज हलकेच धक्का देत राहतात एवढंच, पण दिवस खराब गेला असेल तर मी हेच लावते.

वुई विल रॉक यू तर सगळ्यांना माहितीय, क्रिकेटच्या मॅचमधे, शाळेच्या स्पोर्ट्स डेला, सगळीकडे वाजतं, त्यामुळे त्याच्याकडे लोक जरा दुर्लक्षच करतात. पण त्याच्यामागची गोष्ट मला फार आवडते. २९ मे १९७७, इंग्लंडमधे स्टॅफर्डचा बिंगली हॉल. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, आणि लोक घरी जायच्या ऐवजी तिथंच उभे राहून बँडसाठी गायला लागले, फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते यू विल नेव्हर वॉक अलोन. म्हणजे श्रोत्यांनी बँडला गाणं म्हणून दाखवलं. त्यातून ब्रायन आणि फ्रेडी दोघांच्याही डोक्यात आलं की लोकांना गाऊ द्यायचं असेल तर तशी गाणी लिहायला हवीत. ब्रायननं पाय पाय टाळीचं हे गाणं केलं आणि फ्रेडीनं वुई आर द चॅम्पियन्स. गर्दीत दाटीवाटीनं उभा असलेला माणूस काय करू शकेल, तर पाय आपटेल, टाळी वाजवेल, ओळ म्हणेल, एवढाच विचार. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, जुन्या चर्चच्या इमारतीत, लाकडी फळ्यांवर पाय आपटून ते रेकॉर्ड केलं. ड्रम नाहीत, बेस नाही, गिटार येते ती अगदी शेवटी. ब्रायन हा भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, त्यानं त्या ठोक्याच्या उशिरानं येणाऱ्या प्रती मूळ संख्यांच्या हिशेबानं लावल्या, त्यामुळे तो आवाज घुमल्यासारखा न येता खूप माणसं वेगवेगळ्या अंतरावर उभी असल्यासारखा येतो. म्हणजे रेकॉर्डमधेच गर्दी उभी केलीय, तुमच्या पायासाठी जागा ठेवून. चॅम्पियन्स मधे कडवं सी मायनर या उदास वाटणाऱ्या पट्टीत रेंगाळतं, थकलेलं, आणि ध्रुपद एफ मेजर या मोकळ्या पट्टीत उघडतं. आणि ध्रुपदात शब्द 'मी' चा नाही, 'आम्ही' चा आहे, तिथंच सगळे आवाज येतात.

लव्ह ऑफ माय लाइफ चं तर आयुष्यच बदललं. १९७५ च्या रेकॉर्डवर ते नाजूक, पियानो आणि ब्रायननं वाजवलेला हार्प, विरहाचं गाणं. स्टेजसाठी ब्रायननं ते बारा तारांच्या गिटारवर बसवलं आणि पट्टी खाली आणली. पट्टी खाली आणली ही माझ्या मते फार महत्त्वाची गोष्ट आहे, कारण त्यामुळे साध्या माणसाच्या गळ्यात ते मावायला लागलं. पुढे दक्षिण अमेरिकेत, १९८१ च्या दौऱ्यात आणि मग जानेवारी १९८५ मधे रॉक इन रिओला, फ्रेडी सुरुवात करायचा आणि गप्प व्हायचा, आणि ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशी माणसं ते पूर्ण पाठ म्हणायची. रिओचा व्हिडिओ बघताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. इतका मोठा गायक गायचं थांबून नुसता हात हलवत ऐकत उभा आहे आणि त्याला त्यात किती सुख होतंय.

बुडापेस्टचं मात्र फारसं कुणाला माहिती नसतं. २७ जुलै १९८६, हंगेरी तेव्हा लोखंडी पडद्याआड, पाश्चात्त्य रॉक बँड तिथल्या स्टेडियमवर येणं हीच मोठी गोष्ट. नेपस्टेडियन हे ते स्टेडियम, भरलेलं. मधे ब्रायन गिटार घेऊन बसतो आणि फ्रेडी हंगेरियन लोकगीत म्हणायला लागतो, तावासी सेल. वसंतातल्या वाऱ्याचं गाणं आहे, तिकडच्या प्रत्येक पोराला येतं. शब्द तळहातावर लिहिलेले, तो मधे मधे चक्क हात बघतो, लपवत पण नाही. उच्चार अगदी अस्सल नसणार, पण पहिल्या दोन शब्दांनंतर स्टेडियममधून जो आवाज उठतो आणि पुढच्याच क्षणी सगळे त्याच्याबरोबर म्हणायला लागतात ना, तो मी वर्गात हमखास दाखवते. इतर वेळी लोक त्याची गाणी म्हणायचे, इथं तो त्यांचं म्हणतोय. ब्रायननं जपानी श्रोत्यांसाठी तेओ तोरियाते लिहिलं त्यात जपानी ओळी घातल्या तेही याच भावनेतून, १९७५ ला पहिल्यांदा तिकडं गेले तेव्हा जे प्रेम मिळालं त्याची परतफेड, आणि २०११ च्या त्सुनामीनंतर मदतीसाठी जो गाण्यांचा संग्रह निघाला त्यात हे गाणं होतं.

पाचगणीबद्दल दोन ओळी लिहिते कारण कुणीतरी विचारणारच. हो, फारोख बल्सारा, म्हणजे आपला फ्रेडीच, हा झांझिबारचा पारशी मुलगा लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला होता, तिथंच शाळेतल्या मुलांच्या द हेक्टिक्स नावाच्या बँडमधे पियानो वाजवायचा. त्यामुळे तो आपला वगैरे म्हणायचं का ते तुम्ही ठरवा, पण शाळकरी पोर घरापासून समुद्रापलीकडे राहतंय आणि चार पोरं जमवून गाणी वाजवतंय हे चित्र मला त्याच्या पुढच्या सगळ्या गाण्यात दिसतं.

आता शेवटच्या काळाबद्दल. इथं लोक म्हणतात की हे तर दुःखाचं आहे, यात बरं वाटण्यासारखं काय. १९८९ च्या द मिरॅकल अल्बमपासून चौघांनी ठरवलं की यापुढे गाणं कुणीही लिहिलं तरी नाव सगळ्यांचं, क्वीन. म्हणजे आधी कुणाचं गाणं घ्यायचं यावरून ताणाताणी व्हायची ती संपली. फ्रेडीचा आजार वाढत होता आणि ते चौघं स्टुडिओत एकत्र राहिले. द शो मस्ट गो ऑन चे बरेचसे शब्द ब्रायनचे, पण लिहिलेत फ्रेडीच्या तोंडी. ब्रायननं त्याची उंच सुरांची चाल स्वतः बारीक आवाजात गाऊन ठेवली होती आणि त्याला खरंच काळजी होती की याला आता हे झेपेल का. ब्रायननंच सांगितलंय की फ्रेडीनं व्होडकाचा घोट घेतला आणि गाऊन टाकलं. बी मायनरमधून गाणं मधे एक पूर्ण स्वर वर जातं, म्हणजे आधीच कठीण असलेलं आणखी कठीण होतं, आणि तो तिथंही जातो. ध्रुपदात शीर्षकाची ओळ म्हणतात ते मागचे आवाज, आणि फ्रेडी त्यांच्या मधे मधे बोलतो. परत तेच बघा, त्याला धरून ठेवणारे खालून आहेत.

आणि मदर लव्ह. स्वित्झर्लंडमधे माँट्रोच्या स्टुडिओत मे १९९१ च्या सुमाराला फ्रेडी त्यातलं जमेल तेवढं गायला आणि शेवटचं कडवं नंतर करू म्हणाला. ते नंतर आलंच नाही. १९९५ मधे मेड इन हेवन अल्बम निघाला तेव्हा ते कडवं ब्रायननं गायलंय. तो फ्रेडीसारखं गायचा प्रयत्न करत नाही, आपल्या साध्या मऊ आवाजात म्हणतो. एक मित्र थांबला तिथून दुसऱ्यानं उचललं. याला उत्साहवर्धक म्हणायचं का मला माहीत नाही, पण मन मोठं करणारं नक्कीच आहे, आणि माझ्या मते क्वीनच्या सगळ्या रेकॉर्डिंगमधे यापेक्षा प्रेमाची जागा नाही.

स्टेजवर कुणीच नसताना काय होतं ते पण बघायचं असेल तर १ जुलै २०१७ चा लंडनच्या हाइड पार्कचा व्हिडिओ शोधा. कार्यक्रम ग्रीन डे या वेगळ्याच बँडचा, अजून सुरू व्हायचाय, स्पीकरवर नुसती क्वीनची बोहेमियन रॅप्सडी लावलीय, आणि हजारो लोक ऑपेराच्या भागासकट सगळं म्हणतायत, गिटारच्या सुरावटीपण तोंडानं.

आता तुमच्या ग्रुपचं. पियानो किंवा कीबोर्ड बरा वाजवणारं कुणी असेल तर समबडी टू लव्ह च घ्या, डोळे झाकून. मूळ ए फ्लॅट आहे, तुम्ही एफ घ्या, त्याच्या खाली जाऊ नका नाहीतर थर चढत जातात त्या मधल्या भागातली खालची ओळ पुरुषांनाही लागणार नाही. मुख्य गाणारी बाई असेल तर पट्टी तिच्या गळ्यानं ठरवा आणि खालची ओळ थोडी वर उचलून घ्या. पंधरा जणांचे तीन गट, आणि चांगले गाणारे सगळे एकाच गटात कोंबू नका, प्रत्येक गटात एक तरी पक्का कान हवा ज्याच्या शेजारी उभं राहून बाकीचे निभावून नेतील. पहिली तालीम मधल्या भागापासूनच सुरू करा, कडवी नंतर, कारण कडवी एकट्यानं गायचीयत आणि तो माणूस घरी करू शकतो. शेवटचा फ्रेडीचा उंच सूर कुणाला लागत नसेल तर बिनधास्त सोडून द्या, नुसता कोरस टिपेला नेऊन थांबवला तरी गाणं पूर्ण होतं.

पियानोवाला नसेल तर लव्ह ऑफ माय लाइफ, एक अकूस्टिक गिटार, डी मधे. एकानं सुरू करायचं आणि दुसऱ्या ओळीपासून सगळ्यांनी एकसुरात, हार्मनीच्या भानगडीत न पडता. कॅराओके ट्रॅक मात्र लावू नका, त्यात बऱ्याचदा कोरस आधीच भरलेला असतो आणि तुमचे पंधरा जण त्याच्याखाली दबून जातात. आणि समबडी टू लव्ह च्या टाळ्या ग्रुपमधल्या दोघांनीच सुरू कराव्यात, कडेला उभे असलेल्या, बाकीच्यांनी तेव्हा सूर सांभाळावा, कारण पहिल्यांदा टाळी वाजवताना सगळ्यांचा सूर हमखास खाली येतो.